बायकांच्या बाजूची कनात

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी जेवढे सिनेमे पाहिले, तेवढे त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिले नाहीत. धड मात्र एकही पाहिला नाही. पडद्यावर गाणं चालू असताना मी वाळूच्या बादल्या मोजत असायचे, आणि नायिकेवर संकट आलं की दाराची रुंदी मापत असायचे. तालुक्याच्या कचेरीत माझ्याकडे परवान्यांचं टेबल होतं. फटाक्यांची दुकानं, जत्रेतले पाळणे, खाणावळी आणि सिनेमा. चंद्रपूर जिल्हा फोडून गडचिरोली वेगळा केला तेव्हा बरीच माणसं नदीपलीकडे गेली, उरलेली आपापल्या बदल्या थोपवण्यात गुंतली, आणि हे फिरतीचं टेबल रिकामं पडलं. एरवी ते बाईमाणसाला कुणी दिलं नसतं. मला दिलं, कारण दुसरं कुणी शिल्लक नव्हतं. पुढे साहेब लोकांना सांगायचे की आम्ही मुद्दाम एका महिलेला संधी दिली. मी ऐकून घ्यायचे.

मला ते टेबल आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. नियम मला आवडतात. माझे वडील बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात होते आणि आमचं घर छप्पन सालानंतरचं बौद्ध. त्याआधी आजोबांच्या गावात त्यांनी कुठे बसायचं, कुठल्या विहिरीला हात लावायचा नाही, कुणाच्या दारावरून चपला हातात घेऊन जायचं, हे सगळं रीत ठरवायची. रीत कुणी लिहिलेली नव्हती, त्यामुळे तिच्याविरुद्ध अर्ज करायची सोय नव्हती. वडील म्हणायचे, "कायदा आहे मनून तू खुर्चीत बसून राह्यली. रितीनं बसवली असती तं दाराबाहेर बसली असती." त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की रीत हा शब्द कानावर पडला तरी मी सावध व्हायचे. समोरचा माणूस आता काहीतरी लबाडी सांगणार, असंच मला वाटायचं.

तर सिनेमा. तालुक्याच्या गावात पक्कं थेटर एकच होतं. आत खेड्यांमध्ये फिरती टॉकीज जायची. गावाबाहेरच्या पडीक बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तंबू पडायचा. मधे दोन मोठे खांब, समोर पांढरा पडदा, मागे पत्र्याची खोली आणि तिच्यात मशीन, आणि आवाज नको म्हणून लांब ठेवलेलं जनरेटर. लोक खाली जमिनीवर बसायचे. जुनी खुटं टोचू नयेत म्हणून ज्याने त्याने आपलं पोतं आणायचं. अशा तंबूला एका जागी ठरावीक महिनेच राहता यायचं. मुदत संपली की नवा परवाना, आणि नव्या परवान्याच्या आधी पाहणी. पाहणी करायची मी.

पाहायच्या गोष्टी छापील प्रपत्रात होत्या. शाळा आणि दवाखाना किती लांब आहे. मशीनची खोली न जळणाऱ्या वस्तूची आहे का. वाळूच्या बादल्या लाल रंगाच्या आहेत का आणि त्यांत वाळूच आहे का. हे दुसरं विचारावं लागायचं, कारण एका ठिकाणी मला बादल्यांमध्ये कांदे सापडले होते. खेळाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर दाखवतात की नाही. त्यानंतर सरकारी बातमीपट दाखवतात की नाही, कारण तो दाखवल्याशिवाय सिनेमा सुरू करायला कायद्याने बंदी होती. आणि शेवटी, आग लागली तर प्रत्येक प्रेक्षकाला कुठल्याही दाराने विनाअडथळा बाहेर पडता येईल का.

मी सांगते आहे ती टॉकीज सिंदेवाहीच्या आतल्या अंगाला एका तळ्याकाठच्या गावात उतरली होती. एक नवरा-बायको ती चालवायचे. नवरा मशीनवर बसायचा. त्याच्याकडे ऑपरेटरचा दाखला होता, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांनी भाजलेली बोटं होती आणि बोलायचा कंटाळा होता. बाकीचं सगळं बायको पाहायची. पन्नाशीची, उंच, काटक बाई. ती बायकांच्या दाराशी स्टुलावर बसून तिकिटं फाडायची आणि येणाऱ्या प्रत्येकीला घरची विचारपूस करून आत सोडायची. गावात सगळे तिला टॉकीजवाली म्हणत. मीही तेच म्हणते.

दिवाळी तोंडावर आली होती आणि त्यांची मुदत संपत होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, घरोघरी गर्दी होते. फिरत्या टॉकीजचं वर्ष त्या दिवसांवर उभं असतं. परवाना मंडईच्या आत मिळाला तर मिळाला, नाहीतर तंबू गुंडाळून घरी बसायचं.

मी आमच्या शिपायाला घेऊन दुपारी गेले. शिपाई त्याच बाजूच्या गावचा, वयाने माझ्या वडिलांएवढा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचे. तो पट्टीचं एक टोक धरायचा, मी दुसरं. शाळा लांब होती. बादल्यांत वाळू होती. दारं दोन होती, हवी तेवढी रुंद. सगळं रीतसर. मग मी तंबूच्या आत गेले आणि मधोमध कनात दिसली.

पडद्यापासून मशीनच्या खोलीपर्यंत, पुरुषभर उंच, जुन्या लुगड्यांची शिवलेली. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. बायकांचं दार डावीकडे, पुरुषांचं उजवीकडे. खालून कनात खुंट्यांना बांधली होती आणि वरून दोरीला गच्च शिवली होती. म्हणजे आग उजव्या दाराशी लागली तर पुरुषांनी जायचं कुठे, आणि डाव्या दाराशी लागली तर बायकांनी? मी हे टॉकीजवालीला विचारलं.

ती म्हणाली, "बाया बायाईच्या दारानं जातीन, बाई. माणसाईच्या दारानं कशा जातीन?"

"आग लागली तरी?"

तिने जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "आग लागली तरी."

मी प्रपत्रात लिहायला घेतलं. तिने माझा हात धरला नाही, की रडली नाही. शेजारी उकिडवी बसून तिने मला समजावून सांगितलं. कनातीच्या आधी, म्हणजे टॉकीज तिच्या सासऱ्याकडे होती तेव्हा, तंबूत एक बाई येत नसे. इथे सून भासऱ्याच्या, म्हणजे मोठ्या दिराच्या समोर येत नाही, सासऱ्यासमोर बसत नाही. आणि सिनेमाच्या तंबूत तर अख्ख्या गावचे सासरे आणि भासरे हजर. हिने लग्न होऊन आल्यावर गावोगावच्या बायकांकडून जुनी लुगडी मागितली, कनात शिवली आणि घरोघर जाऊन सांगितलं की आता या, कोणी पाहत नाही. तीन वर्षं लागली बाजू भरायला. "तुमी फक्त कनात नाई एवढं लिवा," ती म्हणाली. "पाहाले कोन येते?"

मी म्हटलं, "मी आलेय ना पाहायला."

मला तेव्हा तिचा रागच आला होता. रीत सांभाळायची आणि त्यासाठी मी खोटं लिहायचं. सासऱ्याला सुनेचं तोंड दिसू नये म्हणून अर्धा तंबू एका दाराच्या भरवशावर सोडायचा. मनातल्या मनात मी तिला आजोबांच्या गावच्या माणसांच्या रांगेत नेऊन बसवलं. प्रपत्रात लिहिलं, 'तंबूच्या मध्यभागी कायम स्वरूपाची कनात असून ती बाहेर पडण्यास अडथळा ठरते.' अक्षर चांगलं काढलं. परत येताना भाऊ सायकल हातात धरून चालत होता. तो म्हणाला, "लिवलं ते बरोबरच लिवलं, बाई. पण माही घरची आता येनार नाई." मी विचारलं, ती येते का? तो म्हणाला, "दर नव्या पिक्चरले."

साहेबांनी माझ्या अहवालाखाली शेरा मारला, कनात काढावी, मग नूतनीकरणाचा विचार करू. टॉकीजवालीने कनात काढली. जुन्या मुदतीचे काही दिवस उरले होते, त्या दिवसांत तंबू कनातीविना चालला. म्हणजे उजवीकडे पुरुष बसले आणि डावीकडे कोणी नाही. पुरुषही कमी आले. का ते मला कळेना, तर भाऊने सांगितलं की बायकोला एकटीला घरी ठेवून जाणाऱ्या माणसाला घरी आल्यावर जेवायला कोण वाढणार.

त्याच सुमारास बाजाराच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ सुरू झाला होता. खोलीला दार एक, खिडकी नाही, आत पन्नास-साठ माणसं घामाने भिजत बसलेली. मी साहेबांना विचारलं, तिथे पाहणीला जाऊ का? साहेब म्हणाले, व्हिडिओचे नियम आपल्याकडे अजून आलेले नाहीत. ज्याचे नियम आलेले नाहीत त्याची पाहणी कशी करणार? तर्क बिनतोड होता. तंबूला चारी बाजूंनी कापड होतं, कुठूनही फाडून बाहेर पडता आलं असतं, आणि त्याच्यासाठी मात्र आम्ही कागदी घोडे नाचवत होतो. मला ते खुपलं. पण नियम चुकीचा आहे असं तेव्हाही वाटलं नाही. तो अजून सगळीकडे पोचलेला नाही, एवढंच वाटलं.

टॉकीजवाली कचेरीत आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत यायला सांगितलं तरी येईना. दुपारचा डबा खाऊन मी बाहेर आले तरी ती तशीच. म्हणाली, "काऊन बोलावता आत? काम झालं नाई तं आत काय, बाहेर काय." मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या आहा. असं काही सांगा का तुमचं लिवनं खोटं होनार नाई आन् माह्या बाया येतीन."

हे तिने बोलायला नको होतं, कारण शिकलेल्या माणसाला कोणी असं म्हटलं की त्याच्या अंगात येतं. मी नियमाचं पुस्तक काढलं. दोन दिवस वाचलं. नियमात कनात हा शब्दच नव्हता. अडथळा हा शब्द होता. अडथळा तत्काळ दूर करता येण्याजोगा असेल तर काय, याबद्दल नियम गप्प होता, आणि जिथे नियम गप्प असतो तिथे कारकुनाला बोलता येतं. मी भाऊला विचारलं, एका झटक्यात पडेल अशी कनात बांधता येईल का? तो हसला. बैल बांधतात त्या गाठीचं लोंबतं टोक ओढलं की अख्खी गाठ सुटते. खालच्या खुंट्या काढायच्या, वरची दोरी त्या गाठीने खांबाला बांधायची, आणि टोक मशीनच्या खोलीत न्यायचं. आग दिसली की ऑपरेटरने टोक ओढलं, कनात खाली, तंबू एक. मी आकृती काढली, टिपण लिहिलं, आणि खरं सांगते, त्या टिपणाचा मला जितका अभिमान वाटला तितका आजवर कशाचाही वाटलेला नाही.

नव्या गाठीची कनात लागल्याच्या संध्याकाळी मी कामाशिवाय तिथे गेले. टॉकीजवालीने मला बायकांच्या बाजूला बसवलं. त्याआधी मी त्या बाजूला कधी बसले नव्हते, उभ्याउभ्याच मोजलं होतं. बायका आल्या होत्या. पोती अंथरून पाय लांब करून बसल्या होत्या. डोक्यावरचे पदर खांद्यावर आले होते. एकीने खर्‍याची पुडी, घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, सोडली आणि ती हातोहात फिरून माझ्यापर्यंत आली. एक पोर अंगावर पीत होतं. कोणी कोणाच्या केसांतून हात फिरवत होतं. कनातीपलीकडे त्यांचे नवरे, दीर, सासरे बसले होते, खोकत होते, आणि इकडे कोणालाही त्यांचं सोयरसुतक नव्हतं. इतक्या बायका इतक्या मोकळ्या बसलेल्या मी आमच्या घरातसुद्धा पाहिल्या नव्हत्या. ज्या कनातीला मी रीत म्हणत होते, तीच त्यांना रितीपासून दोन-अडीच तास लपवत होती. हे मला तेव्हा तिथे बसून कळलं. पण कळलं म्हणून काय, अहवाल तर झाला होता.

त्यांच्यात एक तरुण सून होती. वीस-बावीस वर्षांची, बारीक, तोंडात खर्रा. टॉकीजकडे सरकारी बातमीपट एकच होता आणि तो कितीतरी महिने तोच चालू होता. एका धरणाचं उद्घाटन, मग गव्हाचं संशोधन, मग पुराची पाहणी. ही पोर तो पाठ म्हणायची. बातमीपटातला माणूस बोलायच्या आधी ती ते वाक्य त्याच्याच घनगंभीर आवाजात म्हणायची, आणि वर आपलं जोडायची. पडद्यावर मंत्री धरणाकडे बोट दाखवत असला की ती म्हणायची, "तिकडं पाहा, तिकडं माह्या सासूबाईनं धुनं वाळू घातलं आहे." बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. मला जेवढं हसू आलं तेवढं कुठल्या विनोदी नटाने आणलं नाही. सिनेमा सुरू झाल्यावर ती गप्प बसली. टॉकीजवाली माझ्या कानात म्हणाली, "पिक्चर मंग, आधी हे पाहाले येते बाया." घरात ती पोर तोंडातून शब्द काढत नाही, असंही तिने सांगितलं.

माझं टिपण साहेबांकडे गेलं. साहेबांना ते पसंत पडलं, त्यांनी भुवया उंचावून दोनदा वाचलं. आणि म्हणाले, चाचणी घेऊ. मी म्हटलं, उद्या दुपारी घेऊन टाकते. साहेब म्हणाले, "रिकाम्या तंबूत सगळंच पडतं. माणसं बसलेली असताना पडते का, ते पाहू. मी स्वतः येतो."

इथे मला थांबवता आलं असतं. सर, त्याने काय होईल ते तुम्हाला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. भरल्या तंबूत कनात माणसांच्या अंगावर अडकू शकते, पोरं खाली येऊ शकतात. चाचणी म्हणजे चाचणी. मी टॉकीजवालीला निरोप धाडला की साहेब येणार आहेत, बादल्या भरून ठेवा. कनात पाडणार आहेत हे कळवलं नाही. कळवलं असतं तर बायका आल्या नसत्या, आणि बायका नसत्या तर साहेबांनी चाचणी पुढे ढकलली असती, आणि मंडई चार दिवसांवर होती. मी तिच्या भल्याचाच विचार केला होता. उंटावरच्या शहाण्यांना असंच वाटत असावं.

साहेब जीपने पहिल्या खेळाला आले. घरी जेवायला वेळेवर जायचं होतं म्हणून म्हणाले, सुरुवातीलाच उरकून टाकू. प्रमाणपत्र दाखवून झालं. बातमीपट सुरू झाला. मी मशीनच्या खोलीच्या दारात घड्याळ घेऊन उभी होते, आत टॉकीजवालीचा नवरा. साहेबांनी मान हलवली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ओढा."

कनात एका झटक्यात पडली. गाठ उत्तम होती.

कोणी ओरडलं नाही. पुरुषांनी आवाजाकडे पाहिलं, क्षणभर त्यांना काय दिसतं आहे ते कळलं नाही, आणि मग बहुतेकांनी माना खाली घातल्या. बायकांचे हात पदराकडे गेले, पाय आत ओढले गेले. त्या शांततेत एकच आवाज चालू राहिला. ती पोर पडद्याकडे तोंड करून बसली होती, तिला बाजूला काय पडलं ते समजलं नव्हतं. तिने त्या घनगंभीर आवाजात पुढचं वाक्य पुरं केलं आणि त्याला आपलं जोडलं. सासूबद्दलचंच होतं ते. मग कोणीच हसलं नाही म्हणून तिने वळून पाहिलं. चार हातांवर तिचा सासरा बसला होता. त्याच्या शेजारी भासरा.

तिने खर्रा गिळून टाकला. मला ते दिसलं. सासरा उठला आणि पुरुषांच्या दाराने बाहेर गेला. भासरा त्याच्यामागे गेला. ती उठली नाही, पदर पार हनुवटीपर्यंत ओढून बसून राहिली. पडद्यावर पुराची पाहणी चालू होती.

साहेब म्हणाले, "वा. किती वेळ लागला?" मी घड्याळ पाहून सांगितलं. ते जीपमध्ये बसले. कनात पुन्हा उभी करायला पाव तास लागला, तोवर अर्ध्या बायका निघून गेल्या होत्या. टॉकीजवाली स्टुलावर बसून होती. मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन लिहिलं, 'चाचणी समाधानकारक.' परवाना मंडईच्या दोन दिवस आधी हातात पडला. इतक्या वेगाने आमच्या कचेरीतून दुसरा कुठलाही परवाना निघाल्याचं मला आठवत नाही.

मंडईत डावी बाजू रिकामी राहिली. टॉकीजवाली घरोघर फिरली, जशी तीस वर्षांपूर्वी फिरली होती. म्हणाली, साहेब गेले, परवाना भेटला, आता कनात पडनार नाई. बायकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. एकीने विचारलं, "पन दोरी तं आहेच नं, बाई?" दोरी होतीच. दोरी परवान्यात होती, आकृतीसकट. ती काढली असती तर परवाना रद्द झाला असता, आणि ठेवली तर कोणी येत नव्हतं. हे सगळं मला भाऊने सांगितलं. मी त्याला त्या सुनेचं विचारलं. तो म्हणाला, "काय होते. घरीच आहे. बोलत नाई." मी म्हटलं, ती घरात आधीही बोलत नव्हती ना. तो म्हणाला, "आता पान्यावर जाते तवाबी नाई बोलत."

मी त्या घरी जायचं ठरवलं होतं. गेले नाही. जाऊन सांगणार काय होते? ओढा असं मी म्हटलं, हे तिला कुठे माहीत होतं. माहीत नव्हतं, याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. ती लाज अजून आहे.

नवी मुदत संपायच्या आत टॉकीजवाली पुन्हा कचेरीत आली. या वेळी बाकावर बसली नाही, सरळ माझ्या टेबलाशी आली. तंबू पुढच्या गावी न्यायचा होता, नव्या जागेचा अर्ज द्यायचा होता. मी कोरा अर्ज काढला. तिला लिहिता येत होतं, पण सरकारी कागद तिने कायम माझ्याकडूनच भरून घेतला होता. लिहायला सुरुवात करायच्या आधी तिने विचारलं, "नव्या जागीबी कनात पाडून पाहसान?"

मी नाही म्हणू शकले असते. निदान पाहू म्हणू शकले असते. पण साहेबांनी तोवर माझी गाठ सगळ्या तालुक्याला लागू केली होती. ज्या ज्या तंबूत कनात, त्या त्या तंबूत प्रेक्षक बसलेले असताना चाचणी, असा लेखी आदेश माझ्याच टेबलावर होता, माझ्या टिपणाचा उल्लेख करून काढलेला. मी म्हटलं, "पाडावी लागेल."

ती टेबलाच्या कडेला हात टेकून म्हणाली, "मंग कनात नाई मनून लिवा."

"म्हणजे सगळे एकत्र बसणार?"

"नाई."

अर्जात आसनव्यवस्थेचे दोन रकाने होते, पुरुष आणि स्त्रिया. तिने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथी शून्य लिवा, बाई."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं बोट होतं तिथेच होतं. मी शून्य काढलं. बाकीचे रकाने भरले, खाली तिची सही घेतली आणि अर्ज तपासला. त्यात एकही त्रुटी नव्हती. त्याच आठवड्यात तो मंजूर झाला.